आदोळी वीतभर सरकवली

हे आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. देवी लईराईचं व्रत धरलेला धोंड म्हणून शिरगावात निखाऱ्यांवरून चाललो, पण तिच्या पुढ्यातसुद्धा बोललो नाही. मुलीला तर अजून ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतो? — ते मलाही नीट कळलेलं नाही. मी फार शिकलेला नाही, खाणीवर ट्रक चालवायचो. लिहिणं वाकडं-तिकडं होईल.

माझ्या बायकोचे डोळे मधुमेहानं गेले. दिसेनासं झालं तशी तिनं स्वयंपाकघराची सगळी मांडणी बदलली. कट्टा सोडला आणि सगळं खाली जमिनीवर घेतलं. मधोमध आदोळी — पाटाला पातं लावलेली आमची नारळ खवायची विळी. त्या पाटावर ती बसायची. उजवीकडे डबे, डावीकडे गॅसची शेगडी, पाठीमागे ताटांची चळत. हात लांब केला की हवं ते हातात. माशांचं हुमण अगदी पहिल्यासारखं व्हायचं.

मुलगी म्हापशाला कॉम्प्युटर शिकवते. एका रविवारी आली, आईला बघत दारात उभी राहिली आणि हसायला लागली. म्हणाली, "बाबा, मी पोरांना शिकवते ना, तेच आई करते." मग मला समजावत बसली. प्रोग्राम चालायला लागला की त्याला मेमरीत जागा मिळते आणि त्या जागेचे वाटे पडतात. एका वाट्यात काय करायचं त्याच्या आज्ञा — त्यांना कुणी हात लावायचा नाही. शेजारी पहिल्यापासून ठरलेल्या वस्तू, आईच्या मीठ-मिरचीच्या डब्यांसारख्या. मग गरजेप्रमाणे वाढणारी जागा, बाजारातनं आणलेल्या भाजीच्या टोपलीसारखी. आणि पलीकडच्या टोकाला चळत — शेवटी ठेवलेलं ताट पहिलं उचलायचं.

मी विचारलं, मग त्याला सापडतं कसं सगळं?

ती म्हणाली, प्रत्येक वस्तूची जागा पाठ करायची नसते. वाटा कुठं सुरू होतो ते ठाऊक हवं, आणि वस्तू तिथून किती लांब आहे ते. सगळा वाटा हलवला तरी चालतं — सुरुवात नवी सांगितली की झालं. न सांगता सुरुवात हलली, तर मात्र हात भलत्याच जागी पडतो. आणि जिथं जायची मुभा नाही तिथं हात गेला, की मशीन त्या प्रोग्रामला तिथल्या तिथं मारून टाकतं.

अर्धं डोक्यावरून गेलं. न सांगता सुरुवात हलली तर काय होतं, तेवढं डोक्यात राहिलं.

त्याच दिवशी मुलीनं मला मिरचीपूड मागितली. मी शोधतोय, शोधतोय — मिळेना. बायको आदोळीवरूनच हसली. "दोन दोळे आसून तुमकां मेळना? म्हाका विचारात मगो!" मुलगीही हसली. एवढंच. यात राग येण्यासारखं काय होतं? पण खाण बंद पडल्यापासून मी घरात बसून होतो, माझ्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं — आता आंधळ्या बाईचंही अडेना. ते मला लागलं.

दुसऱ्या दिवशी ती न्हायला गेली तेव्हा मी आदोळी वीतभर सरकवली. शेगडीकडे. डबे जिथल्या तिथं ठेवले. डबे हलवले असते तर तिनं ओळखलं असतं. आदोळी ती पायानं चाचपायची, बसायची आणि तिथून अंदाजानं हात टाकायची, बस्स.

मी दारातून बघत होतो — हो, उभा राहून बघत होतो. मीठ म्हणून तिनं हुमणात दुसऱ्याच डब्यातली साखर घातली. मग डावा हात थेट शेगडीवरच्या तापलेल्या कायलीवर, तव्यावर. ओरडली नाही. फुंकर घालत बसली. मग म्हणाली, "कोणें कितें हालयलां?"

मी म्हणालो, "कोणें हालोवचें? तुझीच मत गेल्या आतां."

ही माझी कबुली. सरकवणं नव्हे — तुझंच डोकं गेलंय, हे वाक्य.

ती झोपल्यावर आदोळी मी परत जागेवर ठेवली. वाटलं, उद्यापासून पुन्हा चालेल सगळं. चाललं नाही. तिचा हात बरोब्बर मिठावरच पडायचा, पण ती थांबायची, डबा उघडून वास घ्यायची, जिभेला लावून बघायची, तरी मला विचारायची — हें मीठ मगो? आणि मी सांगायचो, हो, मीठ. जसे काही उपकार करतोय. हळूहळू तिनं रांधणं सोडलं आणि बाहेर सोप्यावर जाऊन बसली. सकाळी उठली की मुलीचं नाव, नातवाचं नाव, आजचा वार मला म्हणून दाखवायची, बरोबर आहे का विचारायची. बरोबरच असायचं. मुलीनं डॉक्टरांना सांगितलं, आईला आठवण राहत नाही. त्यांनी गोळ्या दिल्या. त्या मी माझ्या हातानं दिल्या, पाण्यासकट.

तिचं डोकं शेवटपर्यंत ठणठणीत होतं. हे जगात मला एकट्याला ठाऊक होतं.

जायच्या आधी तिनं माझा हात चाचपून धरला. म्हणाली, "म्हाका माफ करात. माझी मत गेली, तुमकां रांदून घालूंक जालें ना."

मी म्हणालो, "जांव दी गो."

मी तिला माफ केलं.