मिस्टर तुर्रा आणि दुसरीचा वर्ग

लाखनीजवळच्या एका गावात चंद्रकांता मॅडम दुसरीला इंग्रजी शिकवायच्या. म्हणजे मॅडम बोलायच्या आणि वर्ग मख्ख बसायचा. पुस्तकातल्या टॉमला आणि त्याच्या केकला पोरांनी कधी भीक घातली नाही. खुशबू तर हजेरीलाही नुसती मान हलवायची.

शेवटी मॅडमनी मोबाइल काढला आणि देवकाबाईंच्या कोंबड्यालाच गोष्टीचा नायक केलं. देवकाबाई शाळेसमोर राहायच्या, शाळेची खिचडी शिजवायच्या, आणि त्यांच्या मागोमाग कोंबडाही वर्गात शिरायचा. पोरांनी त्याचं नाव ठेवलं मिस्टर तुर्रा. फोटो पोरांनी काढले, आवाज मॅडमनी भरला: तुर्रा इज ऑन द रूफ. तुर्रा इज इन द ट्रक. ट्रकवाल्याच्या शिव्याही रेकॉर्ड झाल्या होत्या, त्या मॅडमनी कापल्या. गोष्ट लागली की वर्ग जागचा हलायचा नाही. पण तोंड उघडेल तर शपथ!

त्यातच केंद्रप्रमुख साहेबांचा फोन आला. "शनिवारी येतो. एक तरी पोर इंग्रजीत उत्तर देऊ दे, नाहीतर हे मोबाइलचे खेळ बंद." मॅडमचा जीव टांगणीला लागला.

साहेब आले. देवकाबाईंनी त्यांना आणि मॅडमना आग्रहानं जेवायला नेलं. भात आणि झणझणीत रस्सा. साहेबांनी तिसऱ्यांदा वाटी पुढे केली, तेव्हा मॅडमना कुंपणापाशी ओळखीची लाल पिसं दिसली.

"देवकाबाई, हे काय केलंत?" त्या कुजबुजल्या.

"साहेब पयल्यांदा गावाले आले, म्याडम. त्यायले का वांग्याची भाजी वाढू? तुमच्यासाठीच केलं न मी!"

मॅडमच्या हातात तंगडी होती. ती ठेवावी की खावी, त्यांना कळेना.

जेवणानंतर वर्गात गोष्ट लागली. साहेब खुश झाले. "व्हेरी गुड! व्हेअर इज मिस्टर तुर्रा नाऊ?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. पिसं त्यांनीही पाहिली होती. मॅडमनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात मागून खुशबू उठली. साहेबांच्या पोटाकडे बोट दाखवून खणखणीत म्हणाली, "तुर्रा इज इन द साहेब."

साहेबांचा ढेकर अर्ध्यातच अडकला. मॅडमना तुर्ऱ्यासाठी फार वाईट वाटलं, आणि खुशबूला उचलून नाचावंसंही वाटलं. साहेबांनी शर्ट खाली ओढला, शेरेबुक मागवलं आणि लिहिलं: 'मुले परिसरातील ताज्या घडामोडींवर इंग्रजीत बोलतात. उपक्रम चालू ठेवावा.'