जुमिराची आडवी थाप

वाक जुमिरा, म्हणजे तिकडच्या बोलीत जुमिरामावशी, शेळीचं कातडं अंगठ्याने दाबून सांगायची, हे कुठल्या बाजूने आधी सैल पडेल ते. बोकडाचं असेल तर हातही लावायची नाही. जाड कातड्याचा आवाज घशातच अडकतो म्हणायची. मलेशियात बातू पाहातकडच्या एका कालव्याकाठच्या गावात तिचा नवरा सारकाम चाळीस वर्षं कोम्पांग बनवत होता. एका हातात धरून दुसऱ्याने वाजवायचा तो डफ. केस खरवडण्यापासून कातडं ताणून धरण्यापर्यंत निम्मं काम हिचं. पण वाजवणं म्हणाल, तर एक टिचकी मारून पाहायची आणि गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा, एवढंच.

बाईला खोड एकच, प्रश्न विचारण्याची. नवरदेवाची वरात दारावरून गेली की ही कुंपणाशी उभी. सगळे काही एकच थाप मारत नाहीत, मग थापांचा हा गोफ विणतं कोण? सारकामला विचारलं तर तो म्हणे, "मी लाकूड तासतो. वरातीचं वरातीला विचार." शेवटी गावात बायकांचं पथक निघालं, तशी एकसष्टाव्या वर्षी ती त्यात शिरली.

पथक रोहानीबाईंचं. शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. त्यांना धरून बायका सहा. पुढच्या दोघी सरळ थाप धरायच्या. त्या थापेच्या रिकाम्या जागेत दोघींनी आडवी मारायची. उरलेल्या फटीत शेवटच्या दोघींची तिसरी. जुमिराला आडवी मिळाली, खुद्द बाईंच्या जोडीला. आणि तिथेच घोडं अडलं. जन्मभर तिने कुंपणापलीकडून सगळा गोफ एकत्र ऐकलेला. कानाला जे जे ऐकू येई, त्या प्रत्येक ठोक्यावर हात पडायचा.

"वाक, सहा जणींचं तुम्ही एकट्याच वाजवताय," बाई म्हणाल्या. "आम्ही घरी जाऊ का?"

बायका हसल्या. जुमिराही हसली, पण कानशिलं तापली.

तीन आठवडे झाले तरी पहिले पाढे पंचावन्न. शनिवारी हाजी मुस्तारच्या मुलीचं लग्न होतं. बाईंनी तिला बाजूला घेतलं. "शनिवारी या. ओळ भरलेली दिसायला हवी. पण हात नुसता हलवायचा, कातड्याला लागू द्यायचा नाही."

जुमिराला ते फार लागलं. त्याच कातड्यांचे केस खरवडताना तिच्या बोटांची सालं निघाली होती. घरी येऊन सांगितलं, तर सारकाम म्हणाला, "बरंय की. कातडं टिकेल." तिने जेवणाचं ताट त्याच्यापुढे आपटलं. मग त्याने आपल्या ताटातला तळलेल्या माशाचा मोठा तुकडा तिच्या भातावर ठेवला.

पण राग धरून बसणं तिला जमेना. डोक्यात किडा वळवळत होता. हात का चुकतो? हाताचा दोष म्हणावा तर तोच हात कातडं कुठेही न फाडता खरवडतो. म्हणजे चोर कान. दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही कानांत सावरीचा कापूस कोंबला आणि शेजारच्या झलेहाला बोलावलं. झलेहा पथकात सरळ थाप धरायची. जुमिरा फक्त तिच्या मनगटाकडे बघत राहिली. मनगट वर गेलं की मारायचं, खाली आलं की गप्प.

"अगं, पुरे, हात भरून आला," झलेहा ओरडली.

"काय?"

"हात, हात!"

"हातच बघतेय ना मी," जुमिरा म्हणाली आणि वाजवत राहिली.

तिसऱ्या दिवशी तिने एका कानातला कापूस काढला, मग दुसऱ्यातला. हात आडव्या थापेवरून ढळला नाही. बाईंना मात्र ती काही बोलली नाही. बोलून पटणाऱ्यांतल्या बाई त्या नव्हत्या.

शनिवारी तिसऱ्या थापेवरची एक जण तापाने झोपली. उरल्या पाच. तिसरी लंगडी पडणार हे बाईंना दिसत होतं, पण आडवी सोडून जाणार कशा? जोडीला मुका हात.

"वाक, लक्षात आहे ना?"

"आहे."

वरात निघाली. भर उन्हात, छत्रीखाली नवरदेव घामाने निथळत होता. जुमिरा थोडा वेळ शब्दाला जागली, हवेत हात हलवत राहिली. मग समोर झलेहाचं मनगट वर गेलं आणि हिचा हात आपसूक कातड्यावर पडला, हलकेच, नेमका रिकाम्या जागेत. बाईंनी डोळे वटारले. चालत्या वरातीत बोलायची सोय नव्हती. जुमिराने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तिला भीती वाटत होती, आणि मजाही येत होती. पुढची थाप तिने जरा जोरात मारली, त्यापुढची आणखी.

नवरीच्या घराच्या वळणावर शेजारचा आवाज एकाएकी बंद झाला. जुमिराने कोम्पांग घट्ट धरला. आता बाई भर रस्त्यात कोम्पांग काढून घेणार. तिने डोळे झलेहाच्या मनगटावरून हलवले नाहीत.

मग मागून तिसरी थाप उठली, भरदार, एकही फट न सोडणारी. बाई आडवी सोडून तिसरीवर गेल्या होत्या. आडवी आता जुमिराच्या एकटीच्या हातात होती, आणि पार मांडवापर्यंत बाईंनी तिच्याकडे एकदाही वळून पाहिलं नाही.