क्लॅरिनेटचं कडं

आप्पांचे वरचे पुढचे दोन दात एका वरातीत पडले, आणि आमचं घर त्या दोन दातांवर चालत होतं हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

आप्पा म्हणजे माझे वडील. लग्नाच्या बँडमध्ये ते क्लॅरिनेट वाजवायचे. सगळ्यात पुढं, लाल कोट घालून. चिकलठाण्याच्या बाजूला एका वरातीत नवरदेवाचा कुणी दोस्त नाचत नाचत उलटा मागं आला, त्याचा खांदा क्लॅरिनेटवर आदळला आणि तोंडातला भाग दातांवर बसला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, क्लॅरिनेट वरच्या दातांवर टेकवून वाजवतात. दात गेले की वाजवणं गेलं. खोटे दात बसवून बघितले, पण ते हलायचे आणि त्यांच्याबरोबर सूरही हलायचा.

बँडच्या मालकानं त्यांना काढलं नाही. जनरेटरच्या गाड्यामागं लावलं. जो माणूस वरातीच्या पुढं चालायचा तो आता शेवटी धुरात गाडा ढकलायला लागला. ओळखीचे लोक भेटायचेच. "काय मास्तर, आज मागं?" आप्पा हसायचे. घरी आले की ताटावर नुसते बसून राहायचे.

माय चिकलठाण्यात एका कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासायची. मी कॉलेजला होते. बापाकडून आणि आईकडून, दोन्हीकडं मिळून पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते. पण पदवी हातात आली आणि पुढं काही हलेना. क्रांती चौकातल्या एका दुकानात मी साड्यांच्या घड्या घालायला लागले. गिऱ्हाईक चाळीस साड्या उलगडायचं आणि न घेता जायचं. मी घड्या घालायची. बी.ए. झालेल्या हातांनी.

दुसरी एकच गोष्ट मला येत होती, क्लॅरिनेट. आप्पांनी मला वरातीत कधी उभं केलं नाही. "रस्त्यावर पोरीनं वाजवायचं नाय," म्हणायचे. पण घरात त्यांनीच शिकवलं, पाचवीपासून. म्हणून सरकारी बँडपथकाची भरती निघाली आणि मुलींनाही अर्ज करता येतो असं वाचलं, तेव्हा मी फॉर्म भरला. पहिल्यांदा नापास झाले. दुसऱ्यांदाही झाले. तिसरी वेळ शेवटची होती, त्यानंतर माझं वय बसणार नव्हतं. तिसऱ्यांदा गेलं तर आयुष्यभर घड्याच घालायच्या, हे मला स्वच्छ दिसत होतं.

दुसऱ्या वेळी परीक्षकांमधले एक म्हातारे बँडमास्तर मला म्हणाले होते, "बोटं चांगली आहेत तुझी. पण आवाज गुदमरलाय. हळू वाजवायला सांगितलं की पत्ती बोलतच नाही."

पत्ती म्हणजे वेताची पातळ पट्टी, जी थरथरते आणि आवाज निघतो. ती तोंडातल्या भागाला आवळून धरायला एक कडं असतं. दुकानदार त्याला लिगेचर म्हणतात. आमच्या घरी ते कडं कधीच मोडलं होतं, त्याचे पेच झिजून गेले होते. आप्पा पत्ती करदोड्यानं बांधायचे. तोच कमरेला बांधायचा काळा दोरा. तुळशीची लग्नं लागली की सराई सुरू, त्या दिवशी आप्पा नवा करदोडा पाण्यात भिजवायचे, पत्तीवर वेढे घालायचे, एक टोक दाढेत धरून आवळायचे, अगदी बोटांची पेरं पांढरी पडेपर्यंत. वाळला की दोरा आणखी आवळायचा. "वरातीत माणूस अंगावर येतो," ते सांगायचे. "पत्ती केसभर सरकली की गाणं गेलं. बांधायची ती अशी, की हातोडीनं सुदिक हलली नाय पायजे." माझीही पत्ती तेच बांधून द्यायचे. दोन्ही परीक्षांना मी तसंच बांधलेलं क्लॅरिनेट नेलं होतं. दुसऱ्या वेळी रांगेतला एक जण म्हणाला होता, "ताई, नजर लागू नये म्हणून करदोडा बांधला का?" सगळे हसले होते. मी पण हसले होते.

तिसऱ्या परीक्षेला दहा दिवस उरले होते. मी मोबाईलवर बघून एक चामड्याचं कडं मागवलं. आलं ते सॅक्सोफोनचं निघालं, माझ्या क्लॅरिनेटवरून घसरून खाली यायचं. मला रडू आलं नाही, पण जेवणही गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी वाद्यांच्या दुकानात गेले. दुकानवाल्या चाचांनी गल्ल्यावर तीन कडी मांडली. एक सोनेरी मुलाम्याचं, एक चामड्याचं, एक साधं निकेलचं, खाली दोन पेच असलेलं.

तिन्ही लावून बघितली. बाहेर रिक्षांचे हॉर्न, समोर दुकानाचा स्पीकर. काही फरक कळेना. चाचा म्हणाले, "अंदर जाके बजा, बेटी." आत हार्मोनियमच्या खोक्यांमध्ये उभी राहून मी परत वाजवलं. सोनेरीत आवाज गुदमरलेला, चामड्यात गुदमरलेला, निकेलमध्येही तसाच. म्हणजे दोऱ्याचा दोष नव्हता. दोष माझा होता, आणि माझ्यासाठी तर दुकानात काही मिळणार नव्हतं.

चाचा दारात येऊन उभे होते. म्हणाले, "पेच कायकू इत्ता कस रई? पत्ती है, चोर नईं."

मी माझ्या हाताकडं बघितलं. अंगठ्यावर पेचाचा वळ उठला होता. प्रत्येक कडं मी आप्पांसारखं आवळलं होतं, शेवटपर्यंत, वर आणखी एक पिळा. दुसरं कसं आवळतात हे मला माहीतच नव्हतं. मी निकेलच्या कड्याचे पेच सैल केले आणि फुंकलं. आवाज फाटका आला, वेडावाकडा आला, पण आला. श्वास जेमतेम सोडला तरी आला.

सोनेरी कडं दिसायला झकास होतं, पण त्याचा पेच एकदम फिरायचा. चामडं ओठांची ओल लागली की ढिलं पडायचं. निकेलचा पेच बोटाला सांगायचा, आता एवढा, आता तेवढा. मी ते घेतलं. करदोड्याला असं मधलं माप नसतं. तो धरतो, नाहीतर सुटतो.

घरी येऊन मी दोरा सोडला. रविवारी सकाळी आप्पांना फळीवर दोरा दिसला.

"दोरा का सोडला?"

"नवं कडं आणलंय, आप्पा."

"त्यानं काय व्हतं?"

"आवाज मोकळा होतो."

"मंग इतके दिवस काय व्हता? कोंडलेला?"

मी शिकलेली आहे, मला गोल बोलता आलं असतं. पण नाही बोलले. "व्हय," मी म्हणाले. "कोंडलेला होता."

आप्पा म्हणाले, "म्हंजे दोन बारीला तुला माझ्या हातानं घालवलं."

माय मधे पडली. "आवो, ती आसं कुठं म्हनती?"

"तू गप. तिला बोलू दे. ग्रॅज्युएट हाय ती."

नाही म्हणायला पाहिजे होतं, पण खोटं बोलवेना. आप्पांनी चप्पल घातली आणि ते बाहेर गेले. त्या माणसाकडं दात राहिले नव्हते, लाल कोट राहिला नव्हता. मला दिलेली विद्या तेवढी राहिली होती, आणि तीही मी चुकीची ठरवली. मी तिथंच भिंतीला टेकून बसले. माय कणीक मळत होती, तिनं वर बघितलं नाही.

पुढचे चार दिवस आप्पा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. आणि कड्याचा तो नेमका ताण मला सापडेना. सैल केलं की पत्ती चिरकायची, घट्ट केलं की मुकी व्हायची. दुकानात एकदा लागलेला आवाज घरी काही केल्या लागेना. शेजारची मावशी दारातून ओरडली, "आगं, घरात बदकं पाळली का काय?" चौथ्या दिवशी मी करदोडा परत हातात घेतला. म्हटलं, नापासच व्हायचंय तर निदान बापाच्या हातानं होऊ, घरात बोलणं तरी सुरू होईल. दोरा तांब्यात भिजत टाकला आणि रडायला लागले. अर्धा तास तरी रडले असेन.

आप्पा कधी आले कळलं नाही. त्यांनी तांब्यातला दोरा बघितला, क्लॅरिनेट बघितलं. समोर बसले.

"लाव ते कडं," म्हणाले. "आन् हळू वाजव."

"किती हळू?"

"पाळण्यात लेकरू निजलंय आसं समज."

मी वाजवलं. चिरकलं. त्यांनी हात पुढं केला, पत्तीच्या बुडाशी कड्याखालून निघालेल्या टोकावर अंगठ्याचं नख ठेवलं. "वाजव." मी वाजवत राहिले आणि ते दुसऱ्या हातानं पेच फिरवत राहिले, गव्हाच्या दाण्याएवढं इकडं, तेवढंच तिकडं. खालचा पेच त्यांनी जरा आवळला, वरचा जवळजवळ सोडूनच दिला. पत्ती कुठं थरथरते ते त्यांना नखाला कळत होतं. एका जागी आवाज असा निघाला की माय चुलीपुढून उठून दारात आली.

आप्पा म्हणाले, "थांबू नको."

मग बऱ्याच वेळानं म्हणाले, "सव्वीस वर्सं हिकडून ताशा, तिकडून ढोल. मला माझंच वाजवनं कधी ऐकू आलं नाय, पोरी. मला वाटलं, आसंच आसतं."

त्यांनी मला पेच दहा वेळा सोडायला लावले आणि दहा वेळा लावायला लावले, डोळे मिटून. अकराव्या वेळी म्हणाले, "आता माझी गरज नाय." ते त्यांनी रागानं म्हटलं की कसं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

परीक्षेच्या दिवशी फरशीच्या मोठ्या हॉलमध्ये आम्ही ओळीनं बसलो होतो. माझ्या शेजारच्या पोराकडं सोनेरी कडं होतं. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "ताई, ह्या साध्यावर भागतं का?" मी म्हटलं, "बघू." नंबर पुकारेपर्यंत मला हेच वाटत होतं की पत्ती चिरकणार आणि मी उद्या दुकानात साड्यांच्या घड्या घालत उभी असणार.

टेबलामागं तेच म्हातारे मास्तर होते. त्यांनी मला ओळखलं की नाही, कळलं नाही. आधी धून वाजवून घेतली, मग म्हणाले, "आता एकच सूर धर. अगदी बारीक सुरू कर, वाढव आणि परत बारीक कर. मधे तुटता कामा नये."

ह्याच ठिकाणी मी मागच्या वेळी नापास झाले होते. मी डोळे मिटले, श्वास घेतला आणि कमीत कमी सोडला. अर्धा क्षण काहीच आलं नाही. तेवढ्यात मी मनानं दुकानात पोचलेसुद्धा. मग सूर आला. तो वाढला, हॉलभर झाला आणि परत बारीक होत होत संपला. मधे तुटला नाही.

मास्तरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. म्हणाले, "पुढचा नंबर."

तीन आठवड्यांनी यादी लागली. क्लॅरिनेटच्या जागांवर निवडलेल्यांत माझं नाव होतं. मी बँडपथकात रुजू झाले, आणि आमच्या घरातली सरकारी नोकरीत लागलेली मी पहिली.