दुसऱ्या टाकीतलं ऑइल

माझी बदली पारशिवनीला झाली त्या दिवशी घरात कोणी काही बोललं नाही. आमच्याकडे भांडण झालं तर मी निश्चिंत असायचो. सगळे गप्प बसले की ते वाईट लक्षण. मी गुरांच्या दवाखान्यातला साधा कर्मचारी, गायी-म्हशींना कृत्रिम रेतन करणं हे माझं काम. बायको नागपुरातल्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. मुलगी कडेवर असताना तिनं बी.एड. केलं होतं आणि ही नोकरी कोणाच्या ओळखीपाळखीनं नाही, स्वतःच्या हिमतीवर मिळवली होती. सकाळी पिना लावून, पर्स खांद्याला अडकवून ती दारातून निघायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे असायचं, ते मला फार आवडायचं. आता सरकारी नियमाप्रमाणे मी पारशिवनीला मुक्काम करायचा, म्हणजे एकतर दोन चुली मांडायच्या नाहीतर तिनं नोकरी सोडायची. दोन चुली आमच्या पगारात पेटणाऱ्या नव्हत्या.

पारशिवनीच्या दवाखान्याचे साहेब मात्र बरे निघाले. बर्फात ठेवलेल्या रेतमात्रा नागपूरच्या केंद्रातून पारशिवनीला एस.टी.नं यायच्या, आणि बस रखडली की थर्मासमध्ये नुसतं कोमट पाणी उरायचं. मी रोज येताना तो थर्मास घेऊन येणार असेन तर त्यांची माझ्या नागपूरहून येण्याजाण्याला हरकत नव्हती. "पण आठ वाजता दवाखाना उघडा दिसला पाहिजे," ते म्हणाले. "तीनदा उशीर झाला, की बिऱ्हाड इथं आणायचं. मग मला काही सांगू नका."

पहिली एस.टी. नऊनंतर पोचायची. स्कूटरसाठी नंबर लावला तर मुलीच्या लग्नापर्यंत मिळाली असती, आणि मिळूनही तिथल्या शेतांकडे जाणाऱ्या पांदणींत रुतली असती. अशा वेळी, भर उन्हाळ्यात, लसीकरणाच्या कामासाठी मला उमरेडला पाठवलं आणि तिथं मी ती गाडी पाहिली.

कोळशाच्या खाणीवर एक परदेशी इंजिनिअर दोन वर्षांसाठी आला होता. जमिनीला भोकं पाडून कोळसा कुठे आहे ते तो शोधायचा, आणि रानोमाळ फिरायला त्यानं एक जपानी मोटारसायकल आणली होती. आता तो परत चालला होता आणि गाडीला गिऱ्हाईक मिळत नव्हतं. लोक येऊन बघत, हसत आणि जात. गाडी होतीच तशी. सीट कमरेइतकी उंच, टायरांना मक्याच्या कणसासारखे दाणे, सायलेन्सर वर उचललेला, आणि पुढचा मडगार्ड चाकापासून वीतभर वर, हेडलाइटखाली लटकलेला. तिचे पार्ट इथं मिळणार नाहीत हेही सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळं तो मागत होता ती किंमत आपल्याकडच्या साध्या गाडीपेक्षाही कमी होती. कस्टमचे कागद स्वच्छ होते. मी त्याच्यामागे बसून एका नाल्याच्या वाळूतून चक्कर मारली. माझ्या आयुष्यात वाळूतून न घसरता गेलेलं ते पहिलं वाहन.

किल्ली देताना त्यानं मला सगळी गाडी समजावून सांगितली. सीटखालची एक लहान टाकी उघडून दाखवली, आत बोट दाखवलं, मग पेट्रोलच्या टाकीकडे बोट दाखवून जोरजोरात मान हलवली. दोनदा सांगितलं बिचाऱ्यानं. त्याचं इंग्रजी त्याच्या देशाचं आणि माझं हिंगण्याच्या शाळेतलं. त्याचे ओठ हलत होते आणि मी 'येस येस' म्हणत होतो. मला घाई झाली होती. गाडी दुसऱ्यानं नेऊ नये एवढंच माझ्या डोक्यात होतं.

गाडी घरी आली तर बायको ओट्यावर उभी राहून बराच वेळ बघत राहिली. "हिच्यावर मी बसायचं कसं?" तिनं विचारलं. मी गाडी ओट्याला लावली, ती ओट्यावरून थेट सीटवर बसली, आणि मग आमचं तेच ठरून गेलं.

मग गाडी आपल्या कामाची करून घेणं सुरू झालं. आमच्या वस्तीजवळ एक मिस्त्री होता, सगळे त्याला उस्ताद म्हणत. काळाकुट्ट, बारीक, कानावर नेहमी विडी, आणि कोणत्याही गाडीचं इंजिन हातानं चाचपून आजार सांगणारा. जपानी गाडी बघून त्याचे डोळे चमकले, पण कौतुक करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्यानं चहूबाजूंनी फिरून पाहिलं आणि म्हणाला, "बनवनाऱ्यानं घाई केली साहेब. बरंचसं काम बाकी ठेवलं."

ते बाकीचं काम आम्ही पूर्ण केलं. साडीसाठी मागे जाळी लावली, थर्मासला बसेल अशी लोखंडी पेटी वेल्डिंग करून घेतली, हॉर्न बदलला, कारण जपानी हॉर्न म्हशींना ऐकू येत नसे. आणि पुढचा मडगार्ड इतका वर आहे, चिखल तोंडावर येईल, म्हणून पत्रेवाल्याकडून चाकाला लागून दुसरा मडगार्ड करवून घेतला. आषाढात पहिल्याच काळ्या मातीच्या पांदणीत त्या मडगार्डखाली एवढा चिखल दाबून बसला की चाक फिरेना. एका शेतकऱ्यानं बैल हाकायच्या तुतारीच्या टोकानं चिखल खरवडून दिला आणि म्हणाला, "साहेब, हे पत्र्याचं काहून लावलं जी? वरचं चांगलं तं आहे." त्या दिवशी मला जपान्यांचा मडगार्ड वर का असतो ते कळलं. पत्रा मी काढून टाकला. पण यातून घ्यायचा तो धडा मी घेतला नाही, आणि उस्तादानं तर नाहीच नाही.

एरवी ते दिवस सुखाचे होते, हे मला कबूल केलं पाहिजे. सकाळी थर्मास पेटीत बसवायचा, कामठीपर्यंत सायकलींच्या गर्दीतून निघायचं, कन्हानच्या पुलावर गार वारा अंगावर घ्यायचा. गावागावांत लोकांना गाडी ओळखीची झाली. गाय माजावर आली की माणूस निरोप घेऊन दवाखान्यात यायचा आणि मी त्याला मागे बसवून, नाले पार करत, त्याच्या गोठ्यापर्यंत न्यायचो. येताना कोणी वांगी द्यायचं, कोणी सीताफळं. संध्याकाळी दिवेलागणीच्या आत मी घरी असायचो आणि बायको मुलींच्या वह्या तपासत असायची.

फक्त गाडी धूर सोडायची. साधासुधा नाही, मी गेल्यावर मागचा रस्ता दिसायचा नाही. कन्हानला पोरं तिला 'धुराची गाडी' म्हणत. आणि बऱ्याचदा, पंचवीसेक किलोमीटर झाल्यावर, ती फुटफुट करत थांबायची. प्लग काढला की काळा, ओला. तो पॉलिश पेपरनं घासायचा, पुसायचा, पुन्हा लावायचा, किका मारायच्या. खिशात रुमाल असतो तसे माझ्या खिशात प्लग असायचे. जुलैत एकदा मी आठ वाजून वीस मिनिटांनी पोचलो. ऑगस्टच्या शेवटी सव्वाआठ. साहेब दारात घड्याळ बघत उभे होते. ते रागावले नाहीत, फक्त दोन बोटं वर केली.

उस्तादानं सगळे उपाय केले. कॉइल बदलली, कार्बोरेटर उघडून धुतला, हँडलला लिंबू-मिरची बांधली. इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल घालायचं, हे नागपुरात लहान मूलसुद्धा सांगेल. पंपावरचा माणूस न विचारताच मिसळून द्यायचा. उस्ताद त्यात आपलं मापभर आणखी घालायचा, कारण गाडी परदेशी आहे, तिला नाजूकपणानं वागवलं पाहिजे. शिवाय सीटखालच्या त्या लहान टाकीत ऑइल असायचं, ते कमी दिसलं की तेही भरून द्यायचा. "जादा ऑइल कोनाले वाईट?" त्याचं म्हणणं.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी मी वैतागून गाडी अंगणात लावली आणि बायकोला म्हणालो की आता तिसरी वेळ टळत नाही. ती काही बोलली नाही. मघाशी सांगितलं तसं, ते वाईट लक्षण. थोड्या वेळानं ती गाडीबरोबर आलेलं जपानी पुस्तक घेऊन अंगणात आली. अक्षर एकही कळत नव्हतं, पण चित्रं होती.

"ही लहान टाकी कशाची?" तिनं विचारलं.

"ऑइलची."

"त्यातलं ऑइल कुठं जातं?"

"कुठं जाणार? टाकीतच राहतं. जादाचं म्हणून ठेवतात."

"मग ते दर आठवड्याला कमी कसं होतं? उस्ताद भरून देतात म्हणालात ना."

मी म्हणालो, "उडत असेल उन्हानं."

तिनं चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, की सातवी 'ब'च्या मुलींची मला दया आली. "ऑइल उडतं होय हो?" मग ती खाली बसली आणि स्वेटर विणायच्या सुईनं त्या टाकीखालची नळी हुडकत गेली. नळी एका छोट्या डबीत शिरत होती आणि डबीतून निघून थेट इंजिनमध्ये. पुस्तकातल्या चित्रातही तसंच होतं. "ही गाडी आपलं ऑइल आपण घेते," ती म्हणाली. "आणि तुम्ही तिला वरून पुन्हा पाजताय. धूर नाही होणार तर काय?"

तेव्हा उमरेडच्या त्या माणसाची 'नाही-नाही' म्हणत जोरात हलणारी मान माझ्या डोळ्यांपुढे आली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी आम्ही दोघं उस्तादाकडे गेलो. त्यानं ऐकून घेतलं आणि विडी पेटवली. "बाई, पुस्तक येगळं अन् गाडी येगळी. सादं पेट्रोल टाकलं अन् पिस्टन जाम झाला तं? याचा पिस्टन मी कोठून आनू? जपानले जाऊ?" त्याचं खोटं नव्हतं. बायकोचा अंदाज चुकला असता तर गाडी कायमची अंगणात उभी राहिली असती.

तिनं पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला, बाकावर पसरला आणि त्याच्यावर पेन्सिलीनं आकृती काढली. टाकी, नळी, डबी, इंजिन. फळ्यावर काढते तशी, बाण दाखवून. "ही डबी म्हणजे पंप. इंजिन फिरलं की हा फिरतो. तुम्ही इंजिनकडची नळी सोडून बघा, ऑइल येतं की नाही." उस्तादानं खरंच नळी सोडली, किक मारून गाडी चालू केली, आणि ऑइलचा एकेक थेंब त्याच्या बोटावर पडायला लागला. तो त्या थेंबांकडे बघत राहिला. मग आकृती पुन्हा बघावी म्हणून त्यानं कागद उचलला, तर उजेडात मागची अक्षरं दिसली. त्यानं कागद उलटा केला आणि वाचू लागला. वाचता वाचता विडी विझली.

"बाई, हे तं राजीनाम्याचं आहे," तो म्हणाला.

मला ठाऊक नव्हतं. तिनं मुख्याध्यापिकांच्या नावे अर्ज लिहून ठेवला होता, 'घरगुती अडचणींमुळे', खाली सही, फक्त तारखेची जागा मोकळी. ऑगस्टात साहेबांनी दोन बोटं दाखवली त्याच संध्याकाळी लिहिला, हे तिनं मला नंतर सांगितलं. महिनाभर तो पर्समध्ये घेऊन ती रोज शाळेत जात होती आणि संध्याकाळी मला चहा देत होती. मला तिथंच, दुकानात, रडू आलं. मी पाठ फिरवून गाडीची चेन बघत असल्याचं सोंग केलं.

"मागची बाजू राहू द्या, उस्ताद," बायको म्हणाली. "पुढची बघा."

उस्तादानं मग विझलेली विडी कानावर ठेवली. पेट्रोलची टाकी पार रिकामी केली, नळी परत जोडली, स्वतः पंपावर जाऊन कोरं पेट्रोल आणलं. पंपवाल्याशी तो भांडला असावा, कारण परत आला तेव्हा आवाज बसलेला होता. नवा प्लग लावून म्हणाला, "जा साहेब उद्या. जाम झाली तं माह्या नावानं बोंबला."

सोमवारी कामठी गेली, कन्हानचा पूल गेला. मी पुन्हा पुन्हा मागे वळून बघत होतो. मागचा रस्ता स्वच्छ दिसत होता, वळणापर्यंत. इंजिनचा आवाज पहिल्यांदाच मोकळा येत होता. एखादा खडखडाट झाला की मी गाडी हळू करी, पण तो थर्मासच्या पेटीचा असे. पारशिवनीला पोचलो तेव्हा पावणेआठ झाले होते आणि दवाखान्याला कुलूप होतं. मी पायरीवर बसून साहेबांची वाट पाहिली. इतका खुशीत मी लग्नातही नव्हतो, आणि हे मी बायकोला सांगितलेलं आहे.

संध्याकाळी परतताना आधी उस्तादाकडे थांबलो. तो गाडीला हात लावायलाही उठला नाही. धूर नाही हे त्यानं वळणावरूनच पाहिलं होतं. भिंतीवर, पान्यांच्या शेजारी, तो कागद त्यानं चार खिळ्यांनी ठोकून टाकला होता, आकृती पुढे आणि अर्ज भिंतीकडे.

"उस्ताद, बाईंचा कागद आहे तो," मी म्हणालो.

"मालूम आहे," तो म्हणाला. "बाईले सांगजा, अर्ज माह्याजवळ जमा आहे. परत मागाले आल्या तं मी देनार नाई."

गाडी मी पुढे बरीच वर्षं चालवली. उस्तादाच्या भिंतीवरचा कागद पिवळा पडला, तेलकट झाला, आकृतीतले बाण पुसट झाले. माझी बायको रोज सकाळी त्या दुकानावरून शाळेत जायची. कागद मागायला ती कधी थांबली नाही.