सुनेनं मला औट केलं

ये गं, जवळ सरकून बस. समोर नाहीस हे ठाऊक आहे मला, पण लिहिताना तू समोर आहेस असं धरूनच मी बोलते. बहिणीची लेक म्हणवतीस अन् उदगीरला बसून फोनवर "मावशी, गुडघे कसे हायत?" एवढंच विचारतीस. कधी येऊन बघितलेस का गुडघे? मग ऐक, त्या गुडघ्यांनी काय केलं ते.

आमच्या गावच्या शाळेत यंदापासून शनिवारी सकाळी पोरींसाठी खेळाचा तास सुरू झालाय. पोरी जरा मोठ्या झाल्या की मैदान सोडून झाडाखाली ओढणी सावरत बसतात, हे नव्या पीटी टीचरला खुपलं. टीचर कानडी, मराठी अर्धीकच्ची. पण शिट्टी अशी फुंकतात की उसाच्या गाडीचे बैल थांबावेत. त्यांनी पोरींचा खो-खोचा संघ केला. माझी नात त्यात सगळ्यात चपळ. भालकीला तालुक्याचा सामना ठरला, आणि नेमकी तेव्हाच नात वयात आली. सुनेनं सांगून टाकलं, "आता पळणं-बिळणं बास. मोठी झाली ती."

नातीनं जेवण सोडलं नाही, जेवणात तिचा जीव आहे. बोलणं मात्र सोडलं.

टीचरनं सगळ्या आयांना शनिवारी मैदानावर बोलावलं. सून निघाली, पण पोरीचं नाव संघातून काढा म्हणून सांगायला. मीही निघाले मागोमाग.

तिथं बघते तर काय, टीचर आयांनाच खेळायला उतरवायल्या! बायका एकमेकींच्या मागं लपायल्या. मी म्हटलं, माझं तर नऊवारी, कासोटा म्हणजे पळायचीच तयारी. सुनेला म्हटलं, "मी पळते, तू धर. न्हाई धरलीस तर पोरगी भालकीला जाईल. धरलीस तर तू म्हणशील तसं."

"आत्याबाई, येड लागलंय का तुम्हाला? समदं गाव बघायलंय!"

"बघू दे की. कामून, भ्यालीस का?"

ते तिला झोंबलं. पदर कमरेला खोचून ती रांगेत जाऊन बसली.

मी पळाले. पळाले म्हणजे काय, हिंदकळत निघाले. रांगेतल्या बायका हसून हसून आडव्या, मला मधून वाट सापडेना. तेवढ्यात सुनेला खो मिळाला. बाई गं! बांगड्या, पैंजण, सगळं वाजत माझ्या मागं. टीचर ओरडायल्या, "ओड्री अज्जी, ओड्री!" पळा म्हणून. खांबाला वळसा घातला आणि माझा दम संपला. उभीच राहिले. सून मागं येऊन थबकली. हात उचललेला, पण पाठीवर पडेना.

"मार की थाप!" बायका ओरडल्या.

"सासू हाय माझी! कशी मारू?"

"सासू हाय म्हणूनच मार! असा चान्स परत न्हाई!"

सुनेला काय सुचलं कुणास ठाऊक, खाली वाकली आणि चक्क माझ्या पाया पडली. माझाही हात सवयीनं तिच्या डोक्यावर गेला, "सुखी राहा" तोंडातून निघालं, आणि शिट्टी वाजली. "अज्जी औट!"

मी भांडले. "ह्याला औट म्हणतात व्हय? पाया पडली ती!"

"हात लागला की औट," टीचर म्हणाल्या. "पाठ काय, पाय काय!"

पोरी मातीत लोळायल्या. नात तेवढी तोंड एवढंसं करून उभी. आजी पैज हरली होती ना.

सून मातीतच बसली. तुटलेलं पैंजण हातात, केस विस्कटलेले, आणि हसू काही आवरेना. एवढी वर्षं एका घरात काढली, पण तिला असं दात दिसेपर्यंत हसताना मी पाहिलं नव्हतं.

"आता मी म्हणीन तसं ना, आत्याबाई?"

"व्हय बाई. जिंकलीस तू."

"मग अजून एक डाव. आता तुम्ही धरा." आणि नातीकडं न बघताच म्हणाली, "अन् भालकीला मी बी येणार. हिला ओढणी नीट खोचता येत न्हाई, पळताना अडकून पडंल."

नातीनं अशी किंकाळी फोडली की टीचरची शिट्टी फिकी.

आता दर शनिवारी पोरींचं झालं की आयांचा डाव असतो. घरात सून पाया पडायला वाकली की मी आधी पळते. सामना तोंडावर आलाय, बाई. उदगीरहून बस धर, भालकीला उतर, लवकर ये. सैलसर ड्रेस घालून ये, रांगेत माझ्या शेजारी तुझी जागा धरून ठेवलीय.