दाढा गेल्या, कळ राहिली

ये गो, अशी जवळ बस. पंख्याखाली नको, इकडे, माझ्या डाव्या अंगाला. गणपतीला आली होतीस, ती आज उगवलीस, आणि वर विचारतेस, "मावशी, फोनवर दोन शब्द बोलून का ठेवतेस? रागावलीस?" रागावले नाही गो. बोलताच येत नव्हतं. मजल्यावरची भांडणं मिटवायला ज्या बाईला बोलावतात, तिला.

सुरू झालं ते मशेरी लावताना. सकाळी गॅलरीत उभी होते. उजव्या हिरडीला बोट लागलं आणि गालातून हनुवटीपर्यंत उघड्या वायरचा झटका बसावा तशी कळ गेली. क्षणात आली, क्षणात गेली. मग घास चावताना, चूळ भरताना, गालाला पदर लागला तरी तेच.

मशेरी लावणाऱ्या बाईचं काही दुखलं की आमच्याकडे दोष मशेरीचाच. सून म्हणाली, "किती वर्षं सांगतेय आई, सोडा ते. दाढ किडली असणार." करी रोडच्या दातांच्या डॉक्टरने दाढ काढली. कळ तशीच. मग तिच्या शेजारची काढली. संध्याकाळी मऊ भात तोंडात घातला आणि चमचा हातातून पडला.

"आता दाढच नाही, तर दुखतंय काय?" सून म्हणाली.

मलाही हेच विचारायचं होतं, पण त्यासाठी तोंड उघडावं लागतं. सूज नाही, ताप नाही, मग कुणाला खरं वाटणार? शेजारीण दारात येऊन म्हणते, "वहिनी, मजल्याला जरा शांतता मिळाली हो." मला हसू आलं, आणि हसले म्हणून पुन्हा कळ.

तिसऱ्या दाढेला दातांच्या डॉक्टरनेच हात लावला नाही. "आजी, ही ठणठणीत आहे. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा." परळच्या इस्पितळात डोक्याचा एमआरआय काढला. आत चेहऱ्याच्या नसेला एक रक्तवाहिनी टेकलीय, तिच्या ठोक्यांनी नस चाळवते, म्हणाले. मशेरीचा काही संबंध नाही. पण वाईटच ती, सोडा, असंही म्हणाले. सुनेच्या तेवढंच लक्षात राहिलं.

"मेंदूचा डॉक्टर" ऐकल्यापासून मजल्यावरचे लोक माझ्याशी सावकाश बोलतात, बाळाशी बोलावं तसं. गोळ्यांनी कळ आवरलीय, पण डोकं जड राहतं, चालताना तोल जातो. मुलगा म्हणतो, "दुखत नाही ना आता, मग गोळ्या कशाला?" अरे बाबा, गोळ्यांमुळेच दुखत नाही. एकदा त्याचं ऐकून बंद केल्या, तर चहाचा घोट तोंडात धरून रडत बसले.

डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करता येईल, जोखीम आहे, विचार करून सांगा. विचार चालू आहे हो, मुलाचा नि सुनेचा, स्वयंपाकघरात, दार लोटून. डोकं माझं, आणि मला सोडून सगळ्यांना मत आहे. मला करायचंय ऑपरेशन. गुंगीत गप्प बसून मला जगायचं नाही.

पुढच्या सोमवारी डॉक्टरांना सांगायला जायचंय. त्याच्या आदल्या दिवशीच ये तू, राहायलाच ये. तिथे बोलता बोलता मी अडले, तर माझं वाक्य तू पुरं कर. पण माझंच हं, घरच्यांचं नको. येशील ना गो?