वजनावर वाटलेली शेवयांची मशीन

लोहाऱ्याच्या शिवांजलीला विरेशशी ठरलेलं लग्न मोडल्याचं फारसं दुःख नव्हतं. त्याला पुण्यात नोकरी करायची होती, हिला लोहाऱ्यातच शेवयांची मशीन चालवायची होती. दोघांनी समोरासमोर बसून चहा घेतला, अंगठी आणि साडी परत झाली, मिटलं. अडलं ते मशीनवर. साखरपुड्यानंतर दोघांनी निम्मे निम्मे पैसे घालून ती आणली होती. शिवांजलीची शिवणकामातली सगळी शिल्लक तिच्यात गेली होती, आणि हंगाम तोंडावर आला होता.

वाटणीला दोन्ही घरांनी मल्लिकार्जुन अप्पांना बोलावलं. अप्पांची आडत. तीस वर्षं सोयाबीन आणि तूर तोलून तोलून त्यांना वजनाशिवाय जगात दुसरं काही दिसेनासं झालेलं. बोलायच्या आधी घसा खाकरायचा आणि शेवटी "काय?" जोडायचं, ही त्यांची रीत.

"ह्हं! खोला मशीन. काट्यावर घाला. कुणावर अन्याय न्हाय, काय?"

मोटर आणि पट्टा भरले एकवीस किलो, ते विरेशला. साचा, जाळ्या, स्टँड एकोणीस किलो, ते शिवांजलीला.

"अप्पा, पर मोटरबिगर ती..."

"दोन किलो कमी पडायलंय तुला, दिसतंय की मला. ह्हं! तुरीची डाळ घाला रे हिच्या पारड्यात. आता बरोबर, काय?"

वडीलधारे खूश. शिवांजली घरी आली ती बिनमोटरीची मशीन आणि दोन किलो डाळ घेऊन.

"अय्यो शिवा!" शेजारच्या शांताक्कानं कपाळाला हात लावला. "मशीन वाटली, का आमटी गं?"

हंगामाच्या पहिल्या दिवशी सकाळीच बायकांनी दारात डबे मांडले. वाटणीतली गंमत त्यांना कुणी सांगितलीच नव्हती. त्यांच्यात विरेशची आई पार्वतम्माही होती, आणि ती एका दमात बोलली, "पाच किलो पीठ हाय, भिजवलंय, आंबायच्या आत कर, बारीक जाळी घाल, गेल्या साली दुसरीकडं केल्या तर दोरखंडं निघाली, दोरखंडं!"

"आत्या... म्हंजी मावशी, जाळी हाय. मोटर तुमच्या घरात हाय."

"आमच्यात कुठली मोटर? अगं बाई, पलंगाखालचं ते लोखंड व्हय? रोज ठेच लागायलीय मला!" तिनं तिथूनच फोन लावला. "विरेश! ऊठ! ते लोखंड घिऊन ये!"

विरेश मोटर आणि पट्टा मोटरसायकलवर मांडून आला. पट्टा चढवायला वाकला, तसं शिवांजलीनं त्याचा हात अडवला. सगळी शिल्लक या पट्ट्याशी अडकली होती.

"आज लावायची अन् उद्या सोडून न्यायची, असं जमायचं न्हाय. मोटर हितंच ऱ्हाईल. तुमच्या घरच्या शेवया मी दरसाल करून दीन. फुकट अन् पहिल्या नंबरला. बोला."

"अप्पांना इचारावं लागंल," विरेश डोकं खाजवत म्हणाला.

"अप्पा काय आता माझं पीठ तोलत बसणार?" पार्वतम्मा मधेच म्हणाली. " बांध पट्टा! मी सांगायलेय, मोटर हितंच ऱ्हाणार!"

"पहिला नंबर माझा हाय!" शांताक्का कडाडली. "कोंबडा आरवायच्या आधी डबा ठेवलाय मी!"

"तुमी दोन नंबर, अक्का," शिवांजलीनं तिचा डबा एक पाऊल मागं सरकवला आणि बटण दाबलं. मशीन घरघरली, जाळीतून केसासारख्या बारीक शेवया उतरू लागल्या. "विरेश, उभा काय ऱ्हायलास? काठी धर की!"

विरेशनं काठी पुढं केली आणि उतरणाऱ्या शेवया तिच्यावर झेलल्या.